उभी केली तेव्हा चालत होती

पन्नाशी ओलांडलेला मराठी माणूस साधारण दोनपैकी एका वाटेला लागतो. एक तर तो पहाटे उठून पळायला लागतो, नाहीतर गाणं शिकायला. दोन्हींत शेजाऱ्यांना त्रास होतो, पण खर्च बेताचा असतो. डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र तिसरी वाटही मोकळी आहे, आणि आमचा शिरीष नेमका त्या वाटेला लागला. त्याला १९६९ सालची शेवरोले कॅमेरो हवी होती. साधी नव्हे, एसएस. आणि एसएस म्हणजे खरी एसएस.

"मी एकोणसत्तरचा, गाडी एकोणसत्तरची," तो म्हणाला. "दोघंही ओरिजिनल." हे बोलताना त्याने केसांवरून हात फिरवला. ते केस गेली कित्येक वर्षं कारखान्यातून आलेल्या रंगाचे नाहीत, हे इथल्या इंडियन ग्रोसरीतला गल्ल्यावरचा मुलगाही सांगेल.

त्याला मी बरोबर हवा होतो, कारण मी 'गाड्यांतला' आहे. म्हणजे मी गाडीच्या दारांना लावायच्या रबरी पट्ट्या करणाऱ्या कंपनीत आहे. पाऊस आत येऊ नये, एवढंच माझं अवतारकार्य. पण सांगली-मिरजेकडच्या नातेवाइकांत मी 'फोर्ड-बिर्डमध्ये मोठा इंजिनिअर' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ही जाहिरात कुणी केली याची चौकशी मी कधी केलेली नाही.

तिसऱ्या भिडू म्हणजे माझ्या सासूबाई. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी अर्धं आयुष्य घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र चालवलं. बायको त्यांची एकुलती एक. तिचं लग्न माझ्याशी झालं, ही त्यांच्या कारकिर्दीतली एकच नोंद त्या कुणाला दाखवत नाहीत. शनिवारी बायको कामावर जाई आणि घरी बसून त्यांना इंग्रजी मालिका कळेनात, म्हणून त्या आमच्याबरोबर गाडीत मागे बसू लागल्या. मांडीवर चिवड्याचा डबा आणि शिरीषने छापून आणलेल्या जाहिरातींचा गठ्ठा.

ज्यांना हा रोग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मध्यम आकाराच्या, घरगुती वळणाच्या गाडीत नको तेवढं मोठं व्ही-एट इंजिन कोंबायचं आणि पोरांना परवडेल अशा दरात विकायचं, ही मसल कार. (कॅमेरो ही मसल कार नव्हे, ती 'पोनी कार', असं सांगणारा एक जण प्रत्येक ठिकाणी भेटतो. त्याला हो म्हणावं आणि पुढे जावं.) या कुळाचा मूळ पुरुष म्हणून १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओचं नाव घेतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता, की मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी ३८९ चं बसवलं आणि वर सांगितलं, की ही वेगळी गाडी नाहीच मुळी, टेम्पेस्ट ल माँवर गिऱ्हाइकाने हौसेने मागून घ्यायचं ज्यादा सामान आहे. नाव तर सरळ फेरारीचं उचललं. मग 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाला चाचणीसाठी गाडी दिली आणि मार्च १९६४ च्या अंकात ती फेरारीच्या पंगतीला जाऊन बसली. पुढे कित्येक वर्षांनी पाँटिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी आपणहून सांगून टाकलं, की त्या चाचणीच्या गाडीत ३८९ नव्हतंच. ४२१ होतं.

ज्या घराण्याचा मूळ पुरुषच असा, त्याच्या नातवंडांकडून सत्यवचनाची अपेक्षा किती धरायची? १९७० साली शेवरोलेने ३९६ चं इंजिन वाढवून ४०२ केलं, पण गाडीवर बिल्ला ३९६ चाच ठेवला, कारण लोकांना तो आकडा आवडला होता. १९६९ च्या कॅमेरो झी-ट्वेंटीएटची ताकद कंपनीने २९० अश्वशक्ती सांगितली. ती प्रत्यक्षात बरीच जास्त होती, पण विमा कंपन्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज खाली. जगात सगळीकडे विकणारा फुगवून सांगतो. इथे कंपनी आकडा दाबून सांगायची आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात फुगवून घ्यायचं.

तर ते फुगवणं आता जाहिरातीत उतरलं आहे.

सासूबाईंनी पहिली जाहिरात चष्मा पुसून वाचली. "'रॅन व्हेन पार्क्ड' म्हणजे काय हो?"

"उभी केली तेव्हा चालत होती," शिरीष म्हणाला.

"कधी उभी केली?"

"शहाऐंशी साली."

"आमचे हेसुद्धा गेले त्या दिवशी सकाळपर्यंत चालत-बोलत होते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो कागद खाली ठेवला.

दुसऱ्या जाहिरातीत गाडी '९५ टक्के पूर्ण' होती. आम्ही हौसेने इंडियानात गेलो. राहिलेले पाच टक्के गराजमध्ये खोक्यांत भरून ठेवले होते. त्यांत इंजिन होतं, दोन्ही दारं होती आणि सगळ्या वायरी होत्या. वर्षानुवर्षांच्या या पाच टक्क्यांना कंटाळून बायको सोडून गेली, असं मालकाने सांगितलं. हे त्याने जाहिरातीत लिहिलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला कॉफी दिल्यावर लगेच सांगितलं. यालाच इथे 'फुल डिस्क्लोजर' म्हणतात. सासूबाईंनी त्याच्या वयाची आणि पगाराची चौकशी केली. जुनी खोड.

तिसऱ्या जाहिरातीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'भाव करू नये. माझ्याकडे काय आहे ते मला ठाऊक आहे.'

"मग विकतोय कशाला?" सासूबाई.

पुढे कळलं, की त्याच्याकडे काय आहे आणि त्यावर किती गेलेत, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक झालं होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आम्हा दोघा अभियंत्यांपेक्षा या प्रांतात सासूबाईंचीच वाचनशक्ती दांडगी आहे. 'मुलगा परदेशात स्थायिक' म्हणजे दुबईला सहा महिने, 'वय ३२' म्हणजे गेली आठ वर्षं ३२, 'घरातली मंडळी मनमिळाऊ' म्हणजे कुणी वेगळं होऊ देत नाही. ज्यांनी ही भाषा आयुष्यभर उलगडली, त्यांना 'ओल्डर रिस्टोरेशन, स्टिल शोज वेल' कितीसं अवघड जाणार? "म्हणजे रंग उडालाय, पण लांबून दिसत नाही," त्या म्हणाल्या. एका गाडीचे छापलेले फोटो त्यांनी पत्त्यांसारखे मांडले आणि विचारलं, "मुलीचे सगळे फोटो डावीकडूनच का?"

"उजेड तसा असेल," शिरीष म्हणाला.

"उजवीकडे काहीतरी आहे."

उजवीकडे खरोखरच काहीतरी होतं. ती 'बार्न फाइंड' होती. म्हणजे शेतावरच्या कोठारात चाळीस-पन्नास वर्षं विसरून गेलेली आणि अचानक सापडलेली गाडी. अमेरिकेतला निम्मा शेतकरीवर्ग आपण गाडी कुठे ठेवली ते विसरून जातो, हे या जाहिराती वाचल्याशिवाय कळत नाही. कोठारात गाडीवर धूळ बोटभर जाड, आणि सगळीकडे सारखी, चाळणीने पेरावी तशी. कोठार मात्र गाडीपेक्षा बरंच तरुण दिसत होतं. मी पत्र्यावरचं लेबल वाचलं, पण ते माझं खातं नव्हे म्हणून गप्प बसलो.

शिरीषने खिशातून लोहचुंबक काढलं. गंज खाल्लेल्या पत्र्यावर पुट्टी थापून रंग दिला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही, ही या धंद्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त परीक्षा. धातूवरच्या रंगाची जाडी मोजायचं यंत्रही मिळतं, पण शिरीषने ते पैसे वाचवून घरच्या फ्रिजवरचं चुंबक आणलं होतं. त्यावर सारसबागेतला गणपती. डाव्या बाजूला बाप्पा ठामपणे बसले. दारावर बसले. मागे उजव्या चाकाच्या वर मात्र ठेवताच ते संथपणे, कुठलीही घाई न करता, खाली घसरले आणि धुळीत विसर्जित झाले. पुन्हा ठेवले, पुन्हा घसरले.

"हे काय आहे?" मालकाने विचारलं.

"आमचा विघ्नहर्ता," शिरीष म्हणाला. "विघ्न कुठे आहे ते दाखवतो."

मालकाने वाकून मूर्ती पाहिली आणि असलं चुंबक कुठे मिळतं ते विचारलं. त्याला स्वतःलाही गाडी घ्यायची होती.

यानंतर प्रकरण 'नंबर्स मॅचिंग'वर आलं. या दोन शब्दांनी गाडीची किंमत कधी दुप्पट होते, कधी त्याहूनही वर जाते. काचेच्या आत, डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला गाडीचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनच्या पुढच्या उजव्या अंगाला एका लहानशा सपाट जागेवर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर जन्मापासून हेच इंजिन, याच गाडीत.

"पत्रिका," सासूबाई एका वाक्यात म्हणाल्या.

एका घरी सगळं जुळलं. क्रमांक जुळला, ओतकामाची तारीख जुळली, गिअरबॉक्स जुळली, मागचा अ‍ॅक्सल जुळला. शिरीषचा चेहरा साखरपुड्यासारखा झाला. सासूबाई मात्र अस्वस्थ. "छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले की मी जास्त चौकशी करते," त्या म्हणाल्या.

शिरीषने भिंग लावून पाहिलं. कारखान्यात ती सपाट जागा यंत्राने कापताना तिच्यावर समांतर बारीक रेषा उमटतात. इथे जागा काचेसारखी गुळगुळीत होती आणि क्रमांक परवा ठोकल्यासारखा टवटवीत. जुना नंबर घासून नवा ठोकून देणारे हात या देशात आहेत, आणि त्यातले चांगले कारागीर त्या बारीक रेषासुद्धा नव्याने ओढून देतात. हा कारागीर तेवढा चांगला नव्हता.

"पत्रिका नवी करून आणलीय," शिरीष खालच्या आवाजात म्हणाला.

"आमच्याकडेही करतात," सासूबाई म्हणाल्या. "पण शाई वाळू देतात."

त्या परतीच्या वाटेवर 'नंबर्स मॅचिंग'चा निकष आम्ही एकमेकांना लावून पाहिला. शिरीषच्या दोन दाढा बाहेरून आणलेल्या आहेत. माझ्या पोटातला एक भाग, अपेंडिक्स, कमी आहे. पण तो मूळ उत्पादकानेच अनावश्यक म्हणून दिला होता असं माझं म्हणणं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे आणि दोन्ही डोळ्यांची भिंगं मिरजेत बदललेली. "पण चेसिस तीच आहे," त्यांनी ठणकावलं.

खरी अडचण वेगळीच आहे. फोर्ड घेतलीत, तर १९६७ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी केव्हिन मार्टी नावाच्या गृहस्थांकडे आहेत. पैसे भरा, कुंडली घ्या. पाँटिअ‍ॅकचे कागद देणारीही एक संस्था आहे. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांच्या क्रमांकातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. तिथे आर दिसला की हेमी, आणि हेमी दिसली की मोठी माणसं टोपी काढतात. शेवरोलेचं मात्र असं काही नाही. एकोणसत्तरच्या कॅमेरोच्या क्रमांकात तिसरा आकडा ३ असेल तर सहा सिलिंडर, ४ असेल तर व्ही-एट. बास. एसएस की बिनएसएस, याबाबत क्रमांक मौन पाळतो. आणि जिथे कागद मौन पाळतो तिथे मालक बोलायला लागतो.

एक मालक तर असा बोलला, की त्याला आमच्या कुठल्याही ग्रामपंचायतीत सहज निवडून आणता येईल. ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यात एकोणसत्तरच्या कॅमेरोवर इंजिनच्या पाठीमागच्या पत्र्याला एक पट्टी लावत, तिच्यावर एक्सने सुरू होणारा संकेत असे. त्यावरून बराच उलगडा होतो. या गाडीच्या पट्टीवर तो नव्हता.

"कारण ही लॉस एंजेलिसच्या कारखान्यातली," मालक म्हणाला. "तिकडे एक्स लिहीत नसत."

हे खरं आहे. लिहीत नसत.

"पण क्रमांकात एन आहे," शिरीष म्हणाला. "एन म्हणजे नॉरवुड."

"बरोबर. पण अगदी सुरुवातीची नॉरवुड. तेव्हा एक्स लिहायला सुरुवात व्हायची होती."

हेही खरं आहे. पहिले काही महिने लिहीत नसत.

"पट्टीवर मे महिना आहे."

मालकाने मोठा श्वास घेतला आणि आवाज खाली आणला. "मग कोपो असेल."

कोपो ही या धर्मातली मोक्षाची पायरी. काही वितरक शेवरोलेच्या मुख्य कचेरीतून खास मागणी नोंदवून एरवी न मिळणारी ४२७ घन इंचांची इंजिनं बसवून घेत. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डॉन येन्को हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्याच्या दुकानातून बाहेर पडलेली कॅमेरो 'येन्को' म्हणूनच ओळखतात आणि तिच्या किमतीत इथे घर येतं. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन असलेल्या झेडएल-वन कॅमेरो १९६९ साली फक्त ६९ झाल्या. म्हणून या मंडळींत नमस्कार-चमत्कार नसतो, भेटल्यावर पहिला प्रश्न, "किती बनवल्या?" आकडा जेवढा लहान तेवढी मान जास्त लवते. आता गंमत पाहा. कारखान्यातून निघताना कोपो गाडीच्या अंगावर एसएसचा बिल्ला नसे, पट्टे नसत, काही नसे. बाहेरून पाहिली तर शाळामास्तरची गाडी. तेव्हा ज्या गाडीवर कसलीच खूण नाही, ती कोपो नाही असं छातीठोकपणे कोण म्हणणार? पुराव्याचा अभाव हाच पुरावा. मालकाने आमच्यासमोर गाडीची किंमत दहा हजारांनी वाढवली. सासूबाईंनी त्याला चिवडा दिला. "बोलून बोलून घसा सुकला असेल," त्या म्हणाल्या.

झी-ट्वेंटीएट बनल्या वीस हजार आणि त्यातल्या तीस हजार अजून शिल्लक आहेत, असं इथले जुने लोक सांगतात ते काही उगाच नव्हे.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण मध्येच आम्हाला एक प्रामाणिकपणाचा महामेरू भेटला. त्याच्या कॅमेरोच्या जाहिरातीत 'फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन' असं लिहिलं होतं, म्हणजे फ्रेमवरून बॉडी उतरवून केलेला जीर्णोद्धार. कॅमेरोला पूर्ण फ्रेम नसतेच, पुढे अर्धीमुर्धी असते, त्यामुळे बॉडी नेमकी कशावरून उतरवली हा प्रश्न होता. पण गाडी एवढी देखणी, की आम्ही तो गिळला. त्याने आम्हाला जमिनीवर झोपवलं आणि खालून टॉर्च मारला.

"हा ओघळ पाहा," तो म्हणाला.

रंगाचा एक जाडसर ओघळ पत्र्यावरून खाली आला होता. मी सहानुभूतीने म्हणालो, होतं असं कधी कधी.

"होतं काय? मी काढलाय!" त्याला राग आला. एकोणसत्तर साली नॉरवुडच्या कामगाराने घाईत फवारा मारला, रंग ओघळला, आजूबाजूला उडाला. तपासनिसाने खडूने अगम्य रेघोट्या मारल्या. हे सगळं याने जुन्या फोटोंवरून अभ्यासून, पुन्हा जसंच्या तसं, तेवढ्याच निष्काळजीपणे, फार काळजीपूर्वक काढलं होतं. शिकागोजवळ रोझमाँटला दर नोव्हेंबरात मसल गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथले परीक्षक असल्या खुणा वाकून पाहतात. ज्या कामगाराने तो ओघळ पहिल्यांदा पाडला त्याला मुकादमाने शिव्या दिल्या असतील. याला बक्षीस मिळालं.

"मग रबर?" मी माझ्या विषयावर आलो. दाराची पट्टी मऊ, लुसलुशीत होती. पन्नास वर्षांचं रबर दगडासारखं होतं आणि तडकतं.

"नवं आहे," तो म्हणाला. "पण कारखान्यासारखंच वाकडं बसवलंय."

त्या वाकड्या पट्टीतून पाऊस आत येतो का, हे मी विचारलं. "ही गाडी मी पावसात कधी नेलेली नाही," तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "तशी उन्हातही नाही."

ज्यांना इतके कष्ट नको असतात त्यांना 'पॅटिना' आहे. त्याचं खापर सगळं एका मस्टँगवर फुटतं. 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची हिरवी मस्टँग १९७४ साली एका कुटुंबाने मासिकातली छोटी जाहिरात वाचून ६,००० डॉलरना घेतली. घरातली बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली, तर यांनी दिली नाही. शेवटी जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती गेली ३४ लाख डॉलरला, वर दलाली वेगळी. रंग विटलेला, ठिकठिकाणी गंज, कॅमेरे बसवायला केलेल्या खुणा तशाच. जे आहे ते आहे. त्या दिवसापासून अमेरिकेतल्या असंख्य लोकांनी गाडी धुणं बंद केलं. पूर्वी ज्याला ते गंज म्हणत त्याला आता इतिहास म्हणतात, आणि इतिहासाचा दर चौरस इंचावर लावतात. आम्ही एका गृहस्थाकडे तर मागच्या सीटखाली उंदराचं घरटंसुद्धा पाहिलं. "हात लावू नका," तो म्हणाला. "ओरिजिनल आहे."

अशात टोलिडोच्या एका म्हाताऱ्याची जाहिरात आली. शिरीषने ती मोठ्याने वाचली: 'कॅमेरो, १९६९. मूळची सहा सिलिंडरची. व्ही-एट मी बसवलं. एसएसचे बिल्ले मुलाने लावले, आम्ही त्याला अडवलं नाही. खालचा पत्रा बदललाय. मागे डावीकडे पुट्टी आहे. पेट्रोलचा काटा चालत नाही. पावसात पाय भिजतात.'

गाडीत शांतता पसरली.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," शिरीष म्हणाला.

"हे स्थळ चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने आम्हाला गाडीपाशी नेलं आणि स्वतःच पुट्टीवर बोट ठेवलं. बाप्पांना खिशातून बाहेर यायची वेळच आली नाही. शिरीष तासभर गाडीभोवती फिरला. त्याला वाईट असं काही सापडेना, म्हणजे म्हाताऱ्याने आधी सांगितलं नव्हतं असं काही सापडेना, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"पण खरं सांगा, तुम्ही लपवताय काय?"

"सगळे हेच विचारतात," म्हातारा वैतागून म्हणाला. "एक जण तर म्हणाला, ही खरी एसएस आहे आणि तुम्ही मुद्दाम सांगत नाही. त्याने जास्त पैसे देऊ केले. मी म्हटलं नाही हो, सहा सिलिंडरची आहे, तिसरा आकडा बघा. तर तो रागावून गेला."

सासूबाईंनी पुढे होऊन व्यवहार ठरवला. शिरीषने चेक लिहिला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो, जे लिहिलंय तेच आणि तेवढंच, विकत घेत होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटला वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चालत आलेली ही वारी. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेले लाखो लोक. शिरीषने सकाळी सातलाच जागा धरली आणि गाडी चमकवून उभी केली. विचारणाऱ्याला खरं तेच सांगायचं, असं त्याने आम्हाला बजावलं. टोलिडोच्या म्हाताऱ्याचा आदर्श.

पहिला माणूस आला. "खरी एसएस?"

"नाही, क्लोन आहे," शिरीष ताठ मानेने म्हणाला. माणूस 'नाइस' म्हणाला आणि शेजारच्या गाडीकडे गेला. नऊपर्यंत असे बरेच 'नाइस' झाले. शेजारच्या गाडीभोवती गर्दी जमली होती.

दहाच्या सुमारास क्लोनची 'रिक्रिएशन' झाली. अकराला 'ट्रिब्यूट'. ट्रिब्यूट म्हटल्यावर एका बाईने हृदयावर हात ठेवला, कुणाला ट्रिब्यूट ते विचारलं नाही. बाराच्या उन्हात शिरीष म्हणाला, "एसएससारखीच बनवलीय." एक वाजता 'सारखीच' गळून पडलं. दोनला मी कानांनी ऐकलं, "कागद हरवलेत, पण आधीच्या मालकाचं कुटुंब फार जुनं आहे." कुटुंब जुनं होतं, यात खोटं काही नाही. मलाही कुणीतरी इंजिनविषयी विचारलं. मी डेट्रॉइटच्या मोटार उद्योगातल्या दीर्घ अनुभवाच्या आधारे गंभीरपणे दाराच्या रबराकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "हे सगळं फार विचारपूर्वक केलेलं आहे."

तीनच्या सुमारास आम्ही लिंबूसरबत आणायला गेलो. खुर्चीवर छत्री धरून सासूबाई एकट्या. परत येताना पाहिलं, तर टोपीवर बिल्लेच बिल्ले लावलेले एक वयस्क गृहस्थ त्यांच्यापुढे वाकून उभे. गळ्यात भिंग, हातात वही.

"ओरिजिनल?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंना हा प्रश्न इथे आल्यापासून सगळेच विचारत होते, मूळच्या कुठल्या म्हणून. "येस," त्या म्हणाल्या. "ओरिजिनली सांगली."

गृहस्थांनी भिंग हातात घेतलं. "सांगली," ते वहीत लिहीत पुटपुटले. "येन्को ऐकलंय. सांगली कधी ऐकलं नाही." मग आवाज एकदम आदराने खाली आला. "हाउ मेनी?"

हाही प्रश्न सासूबाईंच्या ओळखीचा होता. मुलंबाळं किती.

"ओन्ली वन," त्या अभिमानाने म्हणाल्या.

गृहस्थांनी टोपी काढली. मी पुढे होऊन खुलासा करणार, तेवढ्यात शिरीषने मागून माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "काकूंना बोलू दे."